तिसऱ्या तारेचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेत संतांवर, राजांवर आणि ग्रंथांवर बोलण्याचा रिवाज आहे. मी आज एका छोट्या तांबड्या दिव्यावर बोलणार आहे. बँकेत, दवाखान्यात, पोस्टात आणि आता पुष्कळांच्या घरीही संगणकाशेजारी एक पेटी असते. वीज गेली की ती आपल्या पोटातल्या बॅटरीवर काही मिनिटे काम चालू ठेवते. तिला सगळे यूपीएस म्हणतात. त्यांपैकी काही पेट्यांच्या पाठीमागे एक दिवा असतो. तो लागला, की पेटीचे म्हणणे असे असते : "मी ठीक आहे, पण तुमच्या भिंतीतल्या तारा ठीक नाहीत."

बहुतेक ठिकाणी या दिव्याचा एकच अर्थ काढतात : पेटी बिघडली. मग पेटी दुरुस्तीला जाते, तिथे दिवा लागत नाही, ती परत येते आणि पुन्हा दिवा लागतो. तक्रार करणारालाच दोषी धरण्याची ही रीत आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना चांगली परिचयाची आहे. मी कॉलेजात शिकलेलो नाही. कारखान्यांच्या दारात उभे राहून, वायरमन आणि लाईनमन यांच्याजवळ बसून, कायद्याची पुस्तके चाळून जे कळले तेच आपल्यापुढे मांडतो.

विजेचा धोका आपल्या शहरात येण्याआधी दुसरे धोके होते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले तो हाच दिवस, म्हणून गिरणीला ते नाव. आज ती गिरणी उरलेली नाही. त्या काळच्या गिरण्या वाफेच्या इंजिनावर चालत. इंजिनाची शक्ती छताजवळच्या लांबलचक दांड्यावर आणि तिथून चामड्याच्या पट्ट्यांनी यंत्रांवर जाई. पट्ट्यात धोतराचा सोगा अडकला तर माणूस जायचा. परंतु तो पट्टा डोळ्यांना दिसत होता, त्याचा आवाज कानांना ऐकू येत होता. विजेचे तसे नाही. जिवंत तार आणि मेलेली तार दिसायला सारखीच. म्हणून विजेच्या धंद्यात माणसाच्या डोळ्याची जागा कोणत्या तरी खुणेने घ्यावी लागते. कधी ती खूण रंग असते, कधी फ्यूज असतो, कधी दिवा असतो.

हिंदुस्थानात विजेचा पुरवठा दार्जिलिंगला १८९७ साली आणि कलकत्त्यात १८९९ साली सुरू झाला. आपल्या प्रांतात टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ लागले. नागपुरात पुरवठ्याचे काम नागपूर इलेक्ट्रिक लाईट अँड पॉवर कंपनीकडे होते. या कंपनीचा तिच्या एका नोकराशी स्थायी आदेशांवरून झालेला वाद १९५८ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि त्यामुळे तिचे नाव कामगार कायद्याच्या पुस्तकांत राहिले आहे. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९७४ साली कोराडीचे केंद्र सुरू झाले. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले.

या सगळ्या इतिहासात एका माणसाचे नाव विजेच्या संदर्भात फारसे घेतले जात नाही, आणि नागपुरात तरी ते घेतलेच पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगार खाते आणि विजेचे धोरण ही दोन्ही त्यांच्याकडे होती. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ निघाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे १९४८ चा वीजपुरवठा कायदा झाला. मजूर आणि वीज ही दोन खाती एका टेबलावर होती, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे ती टेबले वेगळी झाली, आणि तारेला हात लावणारा माणूस दोन्हींच्या मधल्या फटीत पडला.

असो. आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपल्या भिंतीतल्या प्लगात तीन भोके असतात. एक फेज, एक न्यूट्रल आणि वरचे मोठे भोक अर्थचे. पहिल्या दोघांचे काम समजते : एकीने वीज येते, दुसरीने परत जाते. मग तिसरी कशाला?

जमिनीचा उपयोग प्रथम झाला तो तारायंत्रात. १८३८ साली म्युनिचमध्ये स्टाइनहाइल या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की तारायंत्राला दोन तारा लागत नाहीत. परतीची वाट जमीन देते. एका तारेचा खर्च वाचला. म्हणजे जमिनीची पहिली ओळख विजेच्या धंद्याला काटकसर म्हणून झाली. प्राण वाचवणारी म्हणून तिची ओळख नंतर पटली.

ती अशी. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एका बाजूला अकरा हजार व्होल्ट असतात आणि दुसऱ्या बाजूला आपल्या घरचे २३०. आतले वेष्टण फुटले आणि वरची वीज खालच्या तारांत शिरली, तर घरातल्या प्रत्येक बटणात मृत्यू बसेल. म्हणून ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीला बांधतात. भारतीय वीज नियम, १९५६ मध्ये हे बांधणे किमान दोन स्वतंत्र जोडण्यांनी करावे असे सांगितले होते, म्हणजे एक तुटली तरी दुसरी राहावी. मग घरातल्या यंत्राची धातूची पेटीही जमिनीला जोडतात. आत फेजची तार सुटून पेटीला टेकली, तर वीज माणसाच्या अंगातून न जाता अर्थच्या तारेने धो धो वाहते, फ्यूज उडतो आणि सगळे बंद पडते.

श्रोते विचारतील, न्यूट्रलही शेवटी जमिनीलाच बांधलेली, अर्थही जमिनीलाच. मग दोन तारा हव्यात कशाला? याचे उत्तर नीट लक्षात ठेवावे, कारण अर्ध्या अपघातांचे मूळ या प्रश्नात आहे. न्यूट्रल रोज ओझे वाहते. ज्या तारेतून प्रवाह जातो तिच्यावर थोडाफार दाब चढतोच. ट्रान्सफॉर्मरपासून घरापर्यंतच्या न्यूट्रलचा अवरोध ०.२ ओहम असेल आणि तिच्यातून २० अँपियर जात असतील, तर घराशी ती जमिनीपेक्षा ४ व्होल्टने वर असते. अर्थची तार मात्र रोज काहीच वाहत नाही. ती नुसती पहाऱ्यावर उभी असते. पहारेकऱ्याला हमालीला जुंपले, की चोरीच्या वेळी तो जागेवर सापडत नाही.

आता तो तांबडा दिवा काय पाहतो ते सांगतो. पेटीच्या आत एक साधी मोजणी चालू असते : न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट आहेत? सगळे ठीक असेल तर दोन-चार व्होल्ट असतात. कंपनीगणिक वेगळी असलेली एक मर्यादा ओलांडली, की दिवा लागतो. परवानाधारक वायरमन मीटर लावतो तेव्हा तो तीन आकडे घेतो, आणि ते तीन आकडे सगळी हकिकत सांगतात.

फेज आणि न्यूट्रल यांत २३०, फेज आणि अर्थ यांत २३०, न्यूट्रल आणि अर्थ यांत जवळजवळ शून्य : प्रकृती ठीक. फेज आणि अर्थ यांत शून्य, पण न्यूट्रल आणि अर्थ यांत २३० : प्लगात तारा उलट्या बसवल्या आहेत. यंत्र चालते, संगणक चालतो, परंतु बटण बंद केल्यावरही आतल्या तारा जिवंतच राहतात, कारण बटण न्यूट्रलला तोडते, फेजला नाही. फेज-न्यूट्रल २३०, आणि अर्थपासून दोन्हीकडे शंभर-सव्वाशेच्या आसपास : अर्थ कुठे तरी तुटलेली आहे किंवा मुळात जोडलेलीच नाही. आणि न्यूट्रल-अर्थ यांतला आकडा दहा-पंधरा व्होल्ट असून इमारतीतले ओझे उतरवले की खाली येत असेल, तर न्यूट्रल बारीक, लांब किंवा सांध्यात ढिली आहे.

या शेवटच्या दोषालाही इतिहास आहे. तीन फेजच्या पुरवठ्यात तिन्हींवर सारखे ओझे असले, तर न्यूट्रलमध्ये परतीचे प्रवाह एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून जुन्या इंजिनियरांनी न्यूट्रल अर्ध्या जाडीची ठेवली. आपल्याकडे अजूनही साडेतीन कोअरची केबल मिळते, त्यातला अर्धा कोअर तो न्यूट्रलचा. दिवे, हीटर आणि मोटारी होत्या तोवर हा हिशेब ठीक होता. संगणकाची भूक मात्र वेगळी. तो वीज एकसारखी न पिता घोटाघोटाने ओढतो, आणि तसल्या प्रवाहाचा काही भाग न्यूट्रलमध्ये एकमेकांना खात नाही, उलट साचत जातो. संगणकांनी भरलेल्या कार्यालयात न्यूट्रलमधला प्रवाह फेजपेक्षाही वाढू शकतो. म्हणजे अर्ध्या पगारावर ठेवलेल्या कामगाराला दीडपट काम. तो तापणारच. आणि तीन फेजच्या इमारतीत ही न्यूट्रल जळून तुटली, तर कुणाच्या खोलीत शंभर व्होल्ट जातात आणि कुणाच्या खोलीत चारशेच्या घरात. आठवड्यापूर्वी दिवा हेच सांगत होता.

१९८३ साली बँकांच्या व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाबद्दल करार झाला, आणि त्यानंतर संगणक हळूहळू आपल्या कार्यालयांत आले. त्या काळी आमच्या चळवळीत खल झाला तो नोकऱ्यांचा. तो योग्यच होता. परंतु पन्नास वर्षांपूर्वीच्या भिंतीत, दोन तारांच्या वायरिंगवर, हे यंत्र बसवले जात आहे, याचा खल आम्ही कामगारांच्या प्रतिनिधींनी पुरेसा केला असे मला दिसत नाही. महाल-इतवारीतल्या जुन्या इमारतींत लाकडी पट्टीवरून गेलेल्या दोनच तारा आजही पाहायला मिळतात. तिथे तीन भोकांचा प्लग बसवला म्हणून तिसरी तार उगवत नाही.

नागपुरात या दोषाला उन्हाळ्याची एक खास जोड आहे. पारा ४५ च्या पलीकडे जातो. आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात तडकते. अर्थिंगच्या खड्ड्यातली नळी आणि माती यांच्यात फट पडते. ओल गेली की माती वीज घेईनाशी होते. मीठ आणि कोळसा घातलेला खड्डा दहा वर्षांत कुणी उघडून पाहिलेला नसतो, आणि मिठाने लोखंड खाल्लेले असते. नेमक्या याच दिवसांत शहरभर कूलर लागतात. वाळ्याच्या ताट्या, खाली पाणी, वर मोटार आणि बाहेर पत्र्याचे अंग. एखाद्या कूलरची मोटार गळू लागली आणि एक अँपियर प्रवाह अर्थमध्ये जाऊ लागला, आणि खड्ड्याचा अवरोध ४६ ओहम असला, तर त्या इमारतीतल्या अर्थला जोडलेल्या प्रत्येक धातूवर ४६ व्होल्ट चढतात. गळती पूर्ण झाली तरी २३० भागिले ४६ म्हणजे ५ अँपियरच वाहतील. १५ अँपियरचा फ्यूज ढिम्म हलणार नाही. अशा वेळी पहिल्या मजल्यावरच्या यूपीएसचा दिवा लागतो, आणि लोक म्हणतात, "उन्हाने पेटी तापली." दोष गच्चीवरच्या कूलरमध्ये आणि कोरड्या खड्ड्यात असतो.

आता एक पाहिलेली गोष्ट सांगतो. कार्यालयाचे नाव घेत नाही. तिथल्या यूपीएसचा तांबडा दिवा कित्येक महिने लागलेला होता आणि त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. फरशी पुसणारी बाई म्हणायची, "भाऊ, ते डबं चावते मले." कुणी विश्वास ठेवीना. साहेब हात लावून दाखवीत, त्यांना काहीच होत नसे. वायरमनने मीटर लावला तेव्हा अर्थ तुटलेली निघाली आणि पेटीच्या अंगावर शंभराहून अधिक व्होल्ट आढळले. यात जादू नाही. प्रत्येक संगणकात गोंगाट गाळणारे छोटे घटक असतात. त्यांतून थोडीशी वीज अर्थकडे झिरपते. एका यंत्राची झिरप नगण्य असते. तुटलेल्या अर्थवर दहा यंत्रे असली, की सगळ्यांची झिरप एकत्र साचते आणि वाट शोधते. साहेबांच्या पायात रबरी तळव्याचे बूट होते, पायाखाली कोरडा गालिचा होता. बाईचे पाय अनवाणी आणि फरशी ओली. त्या कार्यालयात सगळ्यांत अचूक मीटर त्या बाईचे तळपाय होते, आणि तिचेच म्हणणे कुणी नोंदवले नव्हते.

दिवा विझवण्याचे तीन चुकीचे मार्ग आपल्याकडे प्रचलित आहेत. पहिला चिकटपट्टीचा. दुसरा, प्लगची अर्थची पिन तोडून टाकण्याचा किंवा दोन पिनांच्या एक्स्टेन्शनवर यंत्र लावण्याचा. यात उलट दिवा पेटण्याचीच शक्यता अधिक. तिसरा मार्ग सर्वांत घातक. प्लगाच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक तुकडा तार जोडून टाकतात. दोन्ही एक झाल्या, फरक शून्य झाला, दिवा विझला, गिऱ्हाईक खूश. परंतु उद्या न्यूट्रल मागे कुठे तुटली, किंवा खांबावर तारा उलट जोडल्या गेल्या, तर त्याच तुकड्यातून २३० व्होल्ट थेट पेटीच्या अंगावर येतात. हा तुकडा जोडणारा बहुधा परवाना नसलेला, रोजावर आलेला पोरगा असतो. त्याला दिवा विझवण्याचे पैसे मिळतात, दोष काढण्याचे नाही. त्याला दोष देऊन मोकळे होता येणार नाही.

येथे दिव्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. दिवा विझलेला आहे म्हणजे सर्व ठीक आहे असे नव्हे. तो फक्त दाबातला फरक पाहतो. खड्डा कोरडा असला आणि गळती अजून सुरू झालेली नसली, तर तो गप्प राहतो. न्यूट्रल आणि अर्थ आपसांत बदलल्या असल्या, तरी बहुधा गप्पच राहतो. उलट, न्यूट्रल जमिनीला न बांधलेल्या जनरेटरवर तो लागतो. तिथे त्याचे म्हणणे खरेच असते, पण दोष भिंतीत नसून जनरेटरच्या जोडणीत असतो. म्हणून खड्ड्याचा अवरोध वेगळा मोजला पाहिजे, तोही भर उन्हाळ्यात. पावसाळ्यात मोजलेला आकडा हा पाहुण्यांपुढे दाखवण्याचा आकडा होय.

आणि एक माणूस असा आहे, जो आपल्या इमारतीत कधी येत नाही, तरी आपल्या वायरिंगवर त्याचा प्राण टांगलेला असतो. तो म्हणजे खांबावरचा लाईनमन. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत विदर्भात घरोघर इन्व्हर्टर आले, दुकानोदुकानी जनरेटर आले. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर यांच्या सावलीत राहून आपण अंधारात का, हा प्रश्न तेव्हा रास्तपणे विचारला गेला. पण घाईने जोडलेल्या त्या यंत्रांपैकी ज्यांना बदलखटका नव्हता, त्यांची वीज उलटी फिरून बाहेरच्या लाइनवर जाऊ शकते. आणि तोच ट्रान्सफॉर्मर, जो अकरा हजारांचे २३० करतो, तो २३० चे अकरा हजारही करतो. पुरवठा बंद आहे असे समजून लाईनमन तारेला हात लावतो. काम करण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी तारा जमिनीला बांधण्याची शिस्त यासाठीच आहे. ती पाळायला दांडा लागतो, साथीदार लागतो आणि वेळ लागतो. कंत्राटी माणसाला यांपैकी किती गोष्टी मिळतात, हे प्रत्येक संघटनेने आपल्या विभागात मोजून पाहावे.

मग ही तिसरी तार सांभाळायची कोणी? १९५६ च्या नियमांत याचे उत्तर स्पष्ट होते. तेहतिसाव्या नियमाने ग्राहकाच्या जागेत अर्थचे टोक देण्याची आणि ते सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकली होती. ग्राहकाने त्याची मोडतोड होऊ नये म्हणून काळजी घ्यायची. शेहेचाळिसाव्या नियमाने जोडणीची तपासणी पाच वर्षांच्या आत पुन्हा व्हावी असे ठरवले होते. परवानाधारकानेच काम करावे, हेही लिहिलेले होते. २०१० साली आणि पुन्हा २०२३ साली केंद्रीय वीज प्राधिकरणाने नवे सुरक्षा विनियम केले. कागदावर आपण कधीच दरिद्री नव्हतो. प्रत्यक्षात पुरवठादार म्हणतो, मीटरच्या पुढे आमचे काही नाही. घरमालक म्हणतो, भाडेकरूने पाहावे. भाडेकरू म्हणतो, कंत्राटदाराने केले. कंत्राटदार म्हणतो, पोरगा नवा होता. न्यूट्रलला बोलता येत नाही, अर्थला बोलता येत नाही. या साखळीत बोलतो तो फक्त तांबडा दिवा, आणि त्यावर आपण पट्टी लावतो.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक कार्यालयात, शाळेत आणि दवाखान्यात अर्थिंगच्या खड्ड्याशेजारी पाटी असावी. तिच्यावर अवरोध आणि मोजल्याची तारीख असावी, आणि ती तारीख उन्हाळ्यातली असावी. जुन्या वायरिंगला तिसरी तार घालून मिळावी. जमिनीत गळणारा ३० मिलिअँपियरचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे खटके आज बाजारात मिळतात. घरी ते बसवावेत, निदान कूलरच्या लाइनवर तरी. आणि कामगार संघटनांनी आपल्या मागण्यांच्या यादीत महागाईभत्त्याखाली एक ओळ या मापनासाठी राखून ठेवावी.

उद्या कचेरीत गेलात, की पेटीच्या मागे वाकून पाहा. दिवा लागलेला असेल तर तारखेसह लेखी कळवा आणि पोच घ्या. आणि झाडूपोछा करणाऱ्या बाईला विचारा, कुठले डबे चावते का. तिने हो म्हटले तर मीटर येईपर्यंत ते डबे बंद ठेवा. इतके सांगून मी आपली रजा घेतो.